सिनेमातलं दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही, हा मनाचा कमकुवतपणा आहे का?

तुम्ही विचारलंय की एक हिंसक सिनेमा पाहून आठ दिवस झाले तरी झोप लागत नाही, तर मन कमकुवत आहे का. नाही हो. माझंच सांगतो.

सातवीत असताना मालवणला मामाकडे, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर 'जॉज' पाहिला, माणसं खाणाऱ्या शार्क माशाचा. १९७५चा सिनेमा, आमच्यापर्यंत पोचायला पंधरा वर्षं लागली. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीला लागली आणि मी सुक्या वाळूत उभा. गुडघाभर पाण्यातही उतरेना. दुपारी मात्र मोरीचं मटण दोनदा मागून खाल्लं. मोरी म्हणजे शार्कच! आजी म्हणाली, "मेल्या, ज्याका भियालंस ताच चावतंस मरे!"

तो मासा यंत्राचा होता हे मामाने आधीच सांगितलं होतं. पण भीती विचारासाठी थांबत नाही. आधी छाती धडधडते, शहाणपण मागून येतं, आणि तोवर ती धडधड कशाला तरी चिकटलेली असते. माझी समुद्राला चिकटली. ज्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला तिचे लेखक पीटर बेंचली पुढे शार्क वाचवायच्या कामाला लागले, म्हणजे माझी भीती किती फुकाची ते बघा.

मोठेपणी वाटलं, सुटलो. मग मुलगी तीन वर्षांची असताना, जुलैतल्या एका रात्री मोबाईलवर एक सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, उगाच शोधाल. त्यात भूतबीत नव्हतं. शेजारचा साधा माणूस होता आणि एक लहान मूल. बाहेर पाऊस कोसळतोय, लाईट गेलेली. मागीलदाराची कडी मी तीनदा तपासली. पुढे महिनाभर, रोज. बायकोला कारण सांगायची लाज वाटायची. भुताचा सिनेमा उजाडलं की विरतो, हा दिवसाही मागे मागे यायचा. मुलीला अंगणात एकटी सोडेना.

शेवटी ते दृश्य पुन्हा पुन्हा लावून बघणं बंद केलं (हो, तेही करत होतो) आणि एकदा बायकोला सगळी गोष्ट सांगितली. सांगताना ती बरीच लहान निघाली. तुमची झोप अशीच उडालेली राहिली, कामात लक्ष लागेना, तर १४४१६वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. आणि रात्री अकराला "जबरदस्त आहे, बघच" म्हणून लिंक पाठवणारा मित्र असतो ना, त्याला सांगा, रविवारी सकाळी बघतो.