वाचकांचे प्रश्न : हेमाद्रीने सोडून दिलेली राणी

प्रश्न : मुलीला इतिहास शिकवताना खटकते, की चांदबीबीसारखा अपवाद सोडला तर मध्ययुगातील राण्या कुणाची तरी कन्या, पत्नी किंवा माता म्हणूनच भेटतात. त्यांच्या हाती खरोखर सत्ता होती का?
– एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : सत्ता होती, नोंदी मात्र बहुधा दुसऱ्यांनी केल्या. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, ‘व्रतखंडा’त सांगतो की महादेव यादवाने तेलंगणच्या राजाचे हत्ती हिरावून घेतले आणि रुद्रमेला स्त्री म्हणून जिवंत सोडले. एवढेच वाचणाऱ्याला ती दयेवर वाचलेली अबला वाटेल. परंतु ही काकतीय राणी वरंगळच्या गादीवर 1262च्या सुमारास आली आणि 1289 पर्यंत राज्य करीत होती. तेलुगू परंपरा तर उलट सांगते, की तिनेच महादेवाला देवगिरीपर्यंत पिटाळून खंडणी वसूल केली. ही परंपराही अतिशयोक्त असेल, पण तिच्या मांडलिकाचा शिलालेख यादवांच्या मुलखातील बिदरच्या किल्ल्यात सापडला आहे, तेव्हा हेमाद्रीचे वाक्य धन्याच्या मिठाला जागणारे आहे, असेच म्हणावे लागते. शिवाय तिचे अनेक लेख तिला ‘रुद्रदेव महाराज’ म्हणतात, त्यामुळे केवळ नावांवर नजर फिरवणारा तिला पुरुषांतच मोजील.

काश्मीरच्या दिद्देचेही असेच झाले. पती क्षेमगुप्ताच्या नाण्यांवर ‘दि’ हे तिचे आद्याक्षर त्याच्या नावाआधी येते. 958 मध्ये तो वारल्यावर तिने आधी मुलाच्या आणि मग नातवांच्या नावाने, 980 पासून 1003 पर्यंत स्वतःच्या नावाने राज्य केले आणि गादी माहेरच्या लोहर घराण्यातील भाच्याला दिली. तिच्या क्रौर्याच्या कथा सांगणारा कल्हण तिच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहीत होता, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही.

राहिला ‘माता’ या शब्दाचा प्रश्न. तो दर वेळी दुय्यमपणाच दाखवतो असे नाही. काळ थोडा आधीचा असला, तरी वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा पुण्यात मिळालेला ताम्रपट मुलीला अवश्य सांगावा: त्यात वंशावळ आहे ती तिच्या माहेरच्या गुप्तांची, आणि ज्या मुद्रेने ती भूमिदानाची आज्ञा देते तिच्यावर ती स्वतःला युवराजाची जननी म्हणवते.