काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाका

प्रश्न : माझं सव्वा एकर पंचगंगेकाठी, दोन एकर माळाला. यंदा सगळीकडं आडसाली (जुलै-ऑगस्टात लावायचा) ऊस लावायचा बेत आहे. शेतीशाळेत तुम्ही चिठ्ठ्यांचा खेळ घेतला : खडे म्हणजे पैसे, ते पिकांवर लावायचे, मग डब्यातून चिठ्ठी काढायची, ते वर्ष कसं गेलं ते तिच्यावर लिहिलेलं. खेळून पूर थांबणार हाय काय? (एक शेतकरी, ता. करवीर)

उत्तर : थांबणार नाही. पण २००५ चं पाणी ओसरल्यावर ‘आता पिढीभर बघायला नको’ असं आपणच म्हणत होतो. २०१९ उजाडलं. तेव्हाही तेच म्हटलं आणि दोनच वर्षांत २०२१ आलं. म्हणून काढलेली चिठ्ठी लगेच डब्यात परत टाकायला लावतो. पूर येऊन गेला म्हणजे त्याची पाळी संपली, असं नसतं.

त्या दिवशी एका दादांनी सगळे खडे काठच्या उसावर लावले. दोन वर्षं ढीग वाढला. तिसऱ्याला पूर, चौथ्याला परत पूर; सोसायटीचं कर्ज फेडायला खडा उरला नाही. ‘डबा नीट हलवला न्हाई,’ म्हणाले! आंध्रातल्या काही गावांत भूजलाचा असाच खेळ घेतला गेलाय, तेव्हा पोरखेळ समजू नका.

घरी दहा चिठ्ठ्या करा : सहा बऱ्या वर्षांच्या, दोन पुराच्या, एक पावसाच्या दडीची, एक दर पडल्याची. हे प्रमाण माझ्या अंदाजाचं, तुमच्या रानाप्रमाणं बदला. माळासाठी वेगळा डबा करा, त्यात पूर नकोच, दडी वाढवा. खडे वहिनींच्या हातात द्या, घरखर्च त्यांना पाठ असतो. वीस वर्षं खेळा. शेवटी ढीग केवढा झाला त्यापेक्षा मधल्या कुठल्या वर्षी हात रिकामा झाला ते टिपा.

माझं मत विचाराल तर काठाला आडसाली नको. जुलैची लावण ऑगस्टच्या पाण्यात बुडते आणि कोवळा ऊस कुजतो. तिथं जूनमध्ये ताग पेरा. गेला तर बियाणं आणि पेरणीचाच खर्च जाईल. राहिला तर हिरवळीचं खत म्हणून रानात गाडा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लावण करा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऊस उंच होतो. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर पांगशा (कांड्यांवरच्या डोळ्यांतून बाजूचे फुटवे) फुटतील, वजन घटेल, पण काहीतरी कारखान्याला जाईल. पाणी आठवडाभर शेंड्यावर राहिलं तर तोही जातो, हेही सांगून ठेवतो. आडसाली माळालाच, तीही विहिरीचं पाणी मे महिन्यात पुरत असेल तर.

कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. तुमच्या बांधावर पाणी कितीला चढतं, तो आकडा पुराच्या चिठ्ठीवर लिहा. तो आमच्या दप्तरात नाही, तुम्हालाच ठाऊक आहे.