पद्मिनीच्या स्टिअरिंगला हाताने लेदर

प्रश्न : बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, अजूनही रविवारी अंबाझरीपर्यंत नेतो. स्टिअरिंग ठिकठिकाणी तडकलंय अन् बाजारातलं कव्हर हातात फिरून राहतं. घरीच लेदर शिवता येईल का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : येईल ना भाऊ, पण आधी तड्यांकडे बघा. रिमच्या आत लोखंड, वर प्लास्टिक, अन् नवतप्यात उन्हात उभी गाडी तापली की दोन्ही सारखं फुगत नाही म्हणून प्लास्टिक फाटतं. तडा ब्लेडने थोडा मोकळा करून एम-सील दाबून भरा, रात्रभर सुकू द्या, मग १२० अन् २२० नंबरच्या पॉलिश पेपरने इतकं घासा की डोळे मिटून अंगठा फिरवला तर तडा कुठे होता ते कळू नये. आतलं लोखंडच हलत असेल तर मात्र रिम बदला, त्यावर लेदर चढवून गाडी चालवूच नका.

लेदर १ ते १.२ मिमी जाडीचं, क्रोम टॅन (म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं) घ्या, पोटाकडचा तुकडा नको, तो ताणतच राहतो. रिमला क्लिंग फिल्म अन् वरून मास्किंग टेप गुंडाळायची, आतल्या बाजूने कापून काढली की तोच तुमचा नमुना. ४० सेमी व्यासाचं स्टिअरिंग असेल तर बाहेरचा घेर साधारण १२६ सेमी भरतो, पट्टी त्याहून दीड-दोन सेमी कमी कापा अन् रुंदीतही ३-४ मिमी कमीच ठेवा. मी पहिल्यांदा बरोब्बर मापाची कापली होती, मे महिन्यात ती सैल पडली अन् व्हरायटी चौकात वळताना लेदर माझ्या मुठीत सरकलं, तेव्हापासून या ३-४ मिमीवर मी अडून बसतो.

दोन्ही काठ मोच्याकडून रांपीने पातळ करून घ्या, सीटकव्हरवाल्याकडून काठापासून ३ मिमीवर ५ मिमीचे टाके मारून घ्या, दोन्हीकडे टाके मोजून सारखे हवेत, एकही कमी-जास्त झाला तर शिवण तिरकी जाते. मग ओलसर फडक्याने लेदर नरम करा, पट्टीच्या दोन टोकांचा जोड स्टिअरिंगच्या आतल्या दांड्याजवळ ठेवा अन् मेण लावलेला जाड नायलॉन दोरा, शिवणीच्या चारपट लांब, दोन बोथट सुयांनी त्या टाक्यांखालूनच ओढत न्या, कातड्याला नवीन भोक पाडायचं नाही. पाच-सहा टाक्यांनी थांबून दोरा खेचा. दोन रविवार लागतील, घाई करू नका.