मास्तरांना विचारा : रोमच्या हुतात्म्यांची खरी जागा कोणती?

प्रश्न : सर, माझा मुलगा कंपनीच्या कामाने इटलीला जाऊन आला. रोममध्ये कलोसियम दाखवताना गाइड म्हणाला, की इथे हजारो ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकलं, तीनशे वर्षं त्यांचा छळ अखंड चालू होता आणि वाचले ते जमिनीखालच्या भुयारांत लपून राहिले. आमच्या गावात शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला पोलिसांनी त्या पोरांवर गोळ्या झाडल्या, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. तसं त्या रोमच्या हुतात्म्यांचं खरं ठिकाण कलोसियमच का? — एक वाचक भगिनी, नंदुरबार

उत्तर : ताई, गाइडने तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली फार तर एक धरा, तीही अर्धी.

माणसं मारली हे खरं. इ.स. ६४ मध्ये रोमला मोठी आग लागली आणि नीरोने आळ ख्रिस्ती लोकांवर घातला. टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो, की त्यांना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांकडून फाडवलं, क्रुसावर टांगलं, रात्री उजेडासाठी जाळलं, आणि या तमाशाला नीरोने आपल्या बागा दिल्या. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकाराच होता, म्हणून मला त्याची साक्ष जास्त भरवशाची वाटते. पण कलोसियम सुरू झालं ८० साली, टायटस बादशहाच्या काळात. नीरोच्या वेळी ते उभंच नव्हतं! पुढे तिथे कोणी ख्रिस्ती मेलाच नसेल असं मी म्हणत नाही. जनावरांपुढे टाकायची शिक्षा रोमन कायद्यात होती. मात्र कलोसियमला हुतात्म्यांचं पवित्र स्थान म्हणून जाहीर केलं ते पोप चौदाव्या बेनेडिक्टने, १७४९ मध्ये. म्हणजे पानिपताच्या जेमतेम बारा वर्षं आधी.

छळही अखंड नव्हता. तो मधूनच उसळायचा, मग कित्येक वर्षं कोणी विचारायचं नाही. २५० साली डेशियस बादशहाने हुकूम काढला, की प्रत्येकाने देवांना नैवेद्य-बळी वाहावा आणि तसा सरकारी दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी निमूटपणे दाखला मिळवला. फेबियन हा रोमचा बिशप, म्हणजेच पोप, मात्र त्याच वर्षी जिवाला मुकला. ३१३ नंतर ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली.

आता भुयारं. ती लपायची जागा नव्हती, दफनभूमी होती, आणि ती कुठे आहे हे सरकारला चांगलं ठाऊक होतं. रोमच्या हद्दीत प्रेत पुरायला कायद्याने बंदी, म्हणून शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला थडगी. तिथला ज्वालामुखीचा दगड मऊ, कुदळीने निघतो आणि हवा लागली की घट्ट होतो. जमीन महाग, म्हणून माणसं खाली खाली खणत गेली आणि भिंतीत एकावर एक कप्पे करत गेली. आपिया रस्त्यावरची सेंट कॅलिस्टसची दफनभूमी मी पाहिली आहे. जळगावचा मे सोसलेल्या माणसाला रोमचं ऊन किरकोळ वाटतं, पण खाली उतरल्यावर हिने पिशवीतून शाल काढली.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. ३५४ सालच्या एका संग्रहात रोमच्या हुतात्म्यांची यादी आहे. तीत कोण कसा मेला याबद्दल चकार शब्द नाही. दिवस, नाव आणि कुठे पुरलं, एवढंच. ६ ऑगस्ट, सिक्स्टस, कॅलिस्टसच्या दफनभूमीत. १० ऑगस्ट, लॉरेन्स, तिबुर्तिना रस्त्यावर. लोकांना मेल्याची जागा जपायची नव्हती. त्यांना त्या तारखेला थडग्यापाशी जायचं होतं.

आणि जाऊन काय करायचं? जेवायचं. आपण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतो, पुरणपोळी-आमरसाचा घास पितरांच्या नावाने आगारीत टाकतो आणि मग पंगत बसते, तसंच काहीसं. मृतांच्या थडग्यापाशी जेवायची चाल रोमन घरांत होतीच. ख्रिस्ती मंडळींनी ती हुतात्म्यांपर्यंत नेली. आपिया रस्त्यावरच सेंट सबॅस्टियनच्या चर्चखाली १९१५ मध्ये खोदकाम झालं, तेव्हा अशा जेवणांची ओसरी सापडली. तिच्या भिंतीवर पीटर आणि पॉल या आद्य धर्मप्रचारकांना हाका मारणारे शेकडो ओरखडे आहेत. त्यात तोमियस कोएलियस नावाच्या एकाने, पीटर आणि पॉल यांच्यासाठी मी इथे जेवण केलं, असं खरडून ठेवलंय. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांचा मला एरवी संताप येतो. याला माफ.

पुढे या जेवणांत पिणं वाढलं आणि धर्मगुरू वैतागले. संत ऑगस्टिनने आपल्या आईची, मोनिकाची, हकिगत लिहून ठेवली आहे. ती आफ्रिकेतली. गावाकडच्या रिवाजाप्रमाणे मिलानमध्येही हुतात्म्यांच्या ठिकाणी लापशी, पाव आणि वाइन घेऊन गेली, तर दारवानाने अडवलं: बिशप अँब्रोझची मनाई आहे. तिने मुकाट्याने ऐकलं म्हणे. माझ्या आईला आगारी टाकताना कोणी अडवलं असतं, तर तिने अहिराणीत त्याचा उद्धार केला असता.

वर आलेल्या सिक्स्टसबद्दल सांगायला हवं. २५८ साली व्हॅलेरियन बादशहाचा हुकूम आला, की ख्रिस्ती धर्मगुरूंना ताबडतोब ठार करा. ६ ऑगस्टला रोमचा बिशप सिक्स्टस दफनभूमीतच पकडला गेला आणि चार सेवकांसह (डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे धर्मसेवक) मारला गेला. ही बातमी कार्थेजच्या सिप्रियन या बिशपने पत्रातून कळवली. महिना-दीड महिन्यात, १४ सप्टेंबरला, त्याचंही मुंडकं उडवलं. सिक्स्टसचा आणखी एक सेवक लॉरेन्स, तो चार दिवसांनी गेला. त्याला लोखंडी जाळीवर भाजलं, ही कथा जगभर चित्रांत आहे. मला ती पटत नाही. हुकूम ‘ताबडतोब’चा असताना जाळी तापवत कोण बसेल?

सिक्स्टस जिथे पुरला, त्या खोलीत तिसऱ्या शतकातले नऊ पोप होते. नावं ग्रीक लिपीत कोरलेली आहेत. फेबियनच्या शिळेवर हुतात्म्याची खूण आहे, पण ती मागाहून, दुसऱ्या हाताने, कमी खोल कोरली आहे. पोप डमॅसस (३६६ ते ३८४) हा या स्थळांचा मोठा राखणदार. त्याने थडगी शोधली, जिने नीट केले, हुतात्म्यांवर पद्यं रचली आणि फिलोकॅलस या कारागिराकडून देखण्या अक्षरांत संगमरवरावर कोरून घेतली. या खोलीतल्या पद्यात तो म्हणतो, की मलाही इथेच विसावायचं होतं, पण या पुण्यवंतांच्या राखेला धक्का लागेल याची भीती वाटली. सत्ताधाऱ्याने स्मारकात स्वतःची जागा सोडून दिल्याचं उदाहरण मला दुसरं पटकन आठवत नाही.

नंतर स्वाऱ्या आल्या. पोप पास्कल (८१७ ते ८२४) याने ढीगभर अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवले आणि भुयारं विसरली गेली. १८४९ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या संशोधकाला एका द्राक्षमळ्यात संगमरवराचा तुकडा दिसला. त्यावर कॉर्नेलियस या पोपचं अर्धं नाव! त्याने पोप नववा पायस याला गळ घालून मळा विकत घ्यायला लावला. उरलेला अर्धा तुकडा थडग्यापाशी मिळाला, आणि १८५४ मध्ये पोपांची ती खोलीही. मुलगा पुन्हा गेला तर त्याला आपिया रस्त्याला पाठवा. तिथे गाइडसोबतच उतरावं लागतं आणि फोटो काढू देत नाहीत, हे बरंच आहे.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रातला कोणी ख्रिस्ती हुतात्मा आहे का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इकडची. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधुसंघाचा बंधू म्हणून जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद दिलं ते द्राक्षमळा विकत घेणाऱ्या त्याच नवव्या पायसने. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ पासून त्या २६ जणांचं स्मारक आहे, शेजारी संग्रहालय. आणि नंदुरबारच्या ताईंनीही हे वाचावं: ती टेकडी मात्र त्यांना मारलं तीच.