चित्राची पाठ आधी वाच

प्रिय मित्रा,

तुझ्या आजोळच्या माडीवरच्या चित्राचे फोटो मिळाले. नऊवारीतली बाई, हातात फुलांची परडी आणि खालच्या कोपऱ्यात अर्धवट पुसलेली सही. सोबत तुझा प्रश्न : हे रविवर्म्याचं असेल का? आपल्याकडे जुन्या घरात तैलचित्र सापडलं की हा प्रश्न येतोच. तू तो सध्या बाजूला ठेव. एकदा नाव डोक्यात बसलं की जुळणाऱ्या खुणा तेवढ्या दिसतात आणि न जुळणाऱ्यांकडे आपोआप काणाडोळा होतो.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तू नक्की पाहिलं असशील. तिनं एका हातानं ज्योतीला आडोसा केलाय आणि बोटांतून लालसर उजेड झिरपतोय. ते चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, १९४०च्या दशकातलं. रविवर्मा १९०६ सालीच गेले होते. शिवाय रविवर्म्याची ख्याती तैलरंगांची आणि हे काम जलरंगातलं. समोर उभी राहिली होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. एवढं सगळं असूनही कित्येक वर्षं लोक ते बिनदिक्कत रविवर्म्याच्या नावावर खपवत आले. मोठं नाव लावलं की चित्राचा मान वाढतो असं वाटतं, पण ज्यानं ते रंगवलं तो माणूस त्यात पुसला जातो. मला याचा फार त्रास होतो. तुला एवढं सविस्तर लिहितोय ते त्यापायीच.

तर आधी चित्र भिंतीवरून उतरव. जुन्या दोऱ्या कुजलेल्या असतात, म्हणून सोबत कुणाला तरी घे. मग साधं दहापटीचं भिंग घेऊन चेहरा पाहा. बारीक रंगीत ठिपके शेजारी शेजारी बसलेले दिसले, तर ते छापील चित्र आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, आणि त्याची चित्रं घरोघर पोचली. छापावर वॉर्निश आणि कॅनव्हासचा उठाव असला की लांबून तैलचित्रच वाटतं. दुसरी शक्यता मोठ्या केलेल्या फोटोवर रंग चढवल्याची. वाडवडिलांच्या तसबिरी अशा पुष्कळ असतात. तिथं रंग पातळ असेल त्या जागी, बहुधा कान, केस किंवा बोटं यांच्या कडेला, खालचा करडा फोटो डोकावतो.

भिंगाखाली ब्रशचे फटकारे दिसले तर चित्र उलटं कर. माझा सगळा भर या पाठीवर आहे. कॅनव्हास पिवळसर-तपकिरी झालाय का, खिळे गंजलेत का, चौकटीच्या लाकडावर आधीच्या खिळ्यांची भोकं आहेत का, हे बघ. त्या काळी तयार कॅनव्हास विलायतेहून यायचा, आणि विन्सर अँड न्यूटनसारख्या कंपन्यांचा शिक्का पाठीवर असायचा. शिक्क्यातला पत्ता आणि कंपनीचं नाव काळानुसार बदलत गेलं, त्यामुळे चित्र कधीच्या आधीचं असू शकत नाही हे त्यावरून ठरवता येतं. फ्रेमवाल्याची चिठ्ठी असेल तर तीही नीट वाच. ‘मुंबई ४’ म्हणजे गिरगावचा, पिनकोड येण्याआधीचा पत्ता. सहा आकडी पिन असेल तर चिठ्ठी १९७२ नंतरची. पण चिठ्ठीवरून वय कळतं ते फ्रेमचं. चित्र त्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं.

सही शेवटी. बॅटरीचा उजेड बाजूनं, तिरका टाक. सहीचा रंग पृष्ठभागावरच्या तड्यांत उतरलेला दिसला, तर ती तडे पडल्यानंतर कुणीतरी घातलेली आहे. अतिनील दिवा मिळाला तर नंतरची डागडुजी गडद डागांसारखी उठून दिसते. ओल्या फडक्यानं पुसणं, कापलेला बटाटा फिरवणं, असलं काही घरात कुणालाही करू देऊ नकोस. पुसट सही त्यात कायमची जाते.

आता माणसं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ‘हे कुणी काढलं?’ असं विचारू नकोस, उत्तरात ऐकीव नावच येईल. ही बाई कोण, पूर्वी चित्र कुठल्या खोलीत होतं, वाटणीत कुणाकडे गेलं, असं विचार. वाटणीपत्रात तसबिरींचा उल्लेख सापडू शकतो, आणि कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, चित्रकाराला दिलेल्या रकमेची नोंदसुद्धा. ती मोडी लिपीत असेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणारे जाणकार भेटतील. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची. तिच्या प्रदर्शनांच्या जुन्या सूच्या हाती लागल्या तर त्यात चित्राचं शीर्षक शोध. आणि एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहात रविवर्मा आणि चित्रकार धुरंधर यांची कामं प्रत्यक्ष पाहायला मिळतात. अस्सल कामात साडीचा काठ, मनगट, नथीवरची चमक कशी हाताळलीय ते डोळ्यांत साठव, मग आपल्या चित्राकडे ये.

मधेच कुणी दलाल ‘सर्टिफिकेट करून देतो’ म्हणत आला, तर चित्र घराबाहेर जाऊ देऊ नकोस. आणि ते शंभर वर्षांपूर्वीचं निघालं, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे तुम्हाला ते परदेशी पाठवता येणार नाही, हे मामांच्या कानावर आत्ताच घाल.

नाव नाहीच सापडलं, तर ‘चित्रकार अज्ञात’ असं लिहून खाली तुला कळलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह नोंदव : कुणी सांगितलं, कुठल्या कागदात दिसलं. तुझ्यानंतर कुणी तरी तिथून पुढे जाईल.

सध्या मला पाठीचे फोटो पाठव : एक पूर्ण, चार कोपऱ्यांचे जवळून, आणि शिक्का असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून. त्या परडीतल्या फुलांचाही एक जवळून काढ. तुझ्या फोटोत ती कण्हेरीची वाटतात, पण खात्री होत नाही.

तुझा,
काका