'द लोकल ट्रेन'चा दुसरा अल्बम पहिल्यासारखा का भिडत नाही?

तुम्ही लिहिलंय की 'द लोकल ट्रेन' या हिंदी रॉक बँडचा पहिला अल्बम 'आलस का पेड़' तोंडपाठ आहे, पण दुसरा, 'वाकिफ', दोनदा ऐकूनही मनात उतरत नाही, मग लोक त्याला जास्त परिपक्व कशावरून म्हणतात?

दोनदा म्हणजे काहीच नाही हो. मला वर्ष लागलं.

मी भुसावळचा, वडील रेल्वेत. बँडचं नाव ऐकून ते म्हणाले होते, "लोकल आपल्याकडं कुठं आली? पॅसेंजर म्हण." तर २०१५ साली या पोरांचा पहिला अल्बम आला, तेव्हा मी कॉलेजला जळगावला अपडाऊन करायचो आणि डब्याच्या दारात उभं राहून तोच ऐकायचो. त्यातल्या गाण्यांची नावंच बघा: 'छू लो', 'आओगे तुम कभी', 'दिल मेरे'. प्रत्येक नावात कुणाला तरी हाक आहे. विशीत तेवढं पुरतं.

'वाकिफ' २०१८ चा. इथं नावं आहेत 'खुदी', 'गुस्ताख', 'वाकिफ'. हाक मारणारा आता स्वतःकडेच बघतोय. खुदी म्हणजे आपलं स्वत्व. कवी इक्बालमुळे उर्दूत वजन आलेला शब्द. वाकिफ म्हणजे माहीतगार, आपला 'वाकबगार' त्याच घरातला. गायक तोच, रमण नेगी (तो २०२२ मध्ये बाहेर पडला), पण गिटार जास्त जड झाल्या आणि गळा लाडात यायचा बंद झाला. मला तरी परिपक्वता इथंच दिसते. 'छू लो' खपलं म्हणून त्याचीच आणखी चार पिल्लं काढली नाहीत.

मला हे कळलं ते टेम्पोत. मी ठिबकची कामं घेतो. मे महिन्यात सावद्याकडचं एक काम उरकून रात्री परत येत होतो, मागं नळ्यांची बंडलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि उकाडा असा की स्टिअरिंगला हात चिकटत होता. 'गुस्ताख' लागलं. शेजारी बसलेला आमचा अमळनेरचा पोरगा दचकून म्हणाला, "हाई काय शे भाऊ, गाणं शे का भांडण शे?" मी हसलो, पण खरं सांगायचं तर त्यानं बरोबर पकडलं होतं. भांडणच आहे ते, फक्त समोर दुसरं कुणी नाही. त्या दिवशी एका शेतकऱ्यानं पैशावरून मला बरंच सुनावलं होतं, मी गप्प ऐकून घेतलं होतं, आणि ते गप्प बसणं अजून घशात अडकलेलं. विशीत हे गाणं मी पुढं ढकललं असतं.

दुसरा अल्बम सगळाच सरस आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा ऐकून दिवसभर गुणगुणत राहावी अशी चाल त्यात कमी सापडते. गॅदरिंगला पोरं अजूनही 'छू लो'च वाजवतात, आणि बरोबरच करतात.

तुम्ही 'मेरे यार'पासून सुरू करा. पहिल्या अल्बमच्या सवयीला ते जवळचं आहे. मग 'खुदी', आणि 'गुस्ताख' शेवटी. मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात ड्रम डबा बडवल्यासारखे वाजतात. हेडफोन नसतील तर गाडीत ऐका, पण एकटे असताना. सोबत कुणी असलं की तो दोन मिनिटांत गाणं बदलायला सांगतो.