ट्यूब लुकलुकते आणि कॉम्प्युटर मरतो

प्रश्न : मी बार्शीत शिक्षक आहे, फावल्या वेळात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. जानेवारीत सुटे पार्ट आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. साधं काम करताना कधी त्रास नाही. संध्याकाळी एक्सपोर्ट लावला की मात्र कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने फटकन बंद. निळा स्क्रीनही येत नाही. तेव्हा खोलीतली ट्यूब जरा लुकलुकते. प्रोसेसरचं तापमान ७८ च्या वर जात नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. दुकानदाराने रॅम बदलायला लावली, आता मदरबोर्ड बदला म्हणतो. घराची सगळी लाइन इन्व्हर्टरवर आहे. काय करू?

उत्तर : गुरुजी, मदरबोर्डचे पैसे खिशातच राहू द्या. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय : ट्यूब लुकलुकते.

आधी ते ४१. त्याला घाबरून निम्मा सातारा माझ्या दुकानात येतो. ती नोंद पडते मशीन पुन्हा चालू झाल्यावर, आणि एवढंच सांगते की मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं. पंचनामा आहे तो, आरोपपत्र नव्हे. रॅम बिघडली की बहुतेकदा निळा स्क्रीन येतो किंवा मशीन अडकतं. दिवा विझल्यासारखं जात नाही. आणि ५६०० ची मर्यादा ९० अंश, त्यामुळे ७८ ला तापून बंद पडायचं कारण नाही. (कूलरच्या बुडाचं प्लास्टिक न काढताच बसवलेली मशीनं मी पाहिली आहेत, एक तर माझ्याच हातचं. तिथे काटा मिनिटभरात नव्वदीला भिडतो.)

आता इन्व्हर्टर. लाइट गेली की तो बॅटरीवर जातो, पण मध्ये एक फट पडते. ट्यूब लुकलुकते ती त्याच फटीत. ‘यूपीएस’ मोडमध्ये साधारण १० ते १५ मिलिसेकंद, साध्या किंवा ‘इको’ मोडमध्ये ४० पर्यंत. पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर (क्षणभराची वीज साठवणारा भाग) पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. लोड कमी असेल तर तोच कपॅसिटर कितीतरी जास्त पुरतो. म्हणून चिठ्ठ्या टाइप करताना लाइट गेली तर तुम्हाला कळतही नाही, आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड दोन्ही राबत असताना गेली की वरात अर्ध्यात थांबते. संध्याकाळी असले क्षणाचे झटके जास्त येत असणार, बाकी काही नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. चालू कामं सेव्ह करून बंद करा. खरा एक्सपोर्ट लावू नका, फाइल बिघडेल. ओसीसीटीसारखं ताण देणारं सॉफ्टवेअर चालवा. मग इन्व्हर्टर ज्या प्लगवर आहे त्याचं बटण बंद करा. मशीन गेलं? चालू करा आणि काहीही न चालवता तेच पुन्हा करा. रिकामं असताना टिकलं आणि ताणात मेलं, तर चोर सापडला.

मग इन्व्हर्टरवर (बहुतेक मागच्या बाजूला) यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावून पहिली परीक्षा पुन्हा. तरीही गेलं तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहरीची वीज देणारा, आहे का पाहा. ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेल्या) काही सप्लायना ती लहर मानवत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरला वेगळा, १ केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह (गुळगुळीत लहरीचा) यूपीएस घ्या. दुकानात पहिल्यांदा ६०० व्हीएचा दाखवतील. तो बहुधा ३६० वॉटचाच असतो. नुसतं ग्राफिक्स कार्ड १७० पर्यंत ओढतं, मग प्रोसेसर, मॉनिटर धरून हातात काही उरत नाही.

प्लग बंद करायच्या पहिल्या परीक्षेत मशीन ताणात आणि रिकामं, दोन्ही वेळा तगलं, तर मी चुकले. मग प्रोसेसरची आठ पिनची वायर खटका वाजेपर्यंत बसली आहे का ते तपासा आणि कुणाचा तरी चांगला सप्लाय दोन दिवस मागून लावा. त्याच्यासोबत त्याच्याच वायरी आणा. एका सप्लायच्या वायरी दुसऱ्याला लावून बोर्ड जाळलेले लोक आहेत.

आणि तुमची जुनी रॅम दुकानदाराकडे राहिली असेल तर मागून आणा. ती चांगली असणार.